छेदातली माणसं

प्रिय डॉक्टर,

तुझ्या नावामागे ही उपाधी लागून अजून वर्षही झालं नाही, म्हणून मुद्दाम तशी हाक मारते आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्यसनोपचार निवडू की सार्वजनिक आरोग्य, असं तू विचारलं आहेस. त्याखाली, जरा दबकत, दुसरी गोष्ट लिहिली आहेस. तुझे वरिष्ठ म्हणतात, की इतके चांगले गुण मिळवून तू त्या पेशंटांच्या मागे आयुष्य घालवणार आहेस, जे पुन्हा पुन्हा तिथेच येऊन पडतात. या दुसऱ्या गोष्टीने तू दुखावली आहेस, हे कळलं. मलाही हे ऐकवलं गेलं होतं, आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते. आज आहेत. पण ते एका पेशंटमुळे आले, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

मी निवासी डॉक्टर म्हणून दुसऱ्या वर्षाला होते. वॉर्डचा नियम लेखी होता: दाखल असताना कुणाकडे नशेचा पदार्थ सापडला, तर त्याच दिवशी सुटी. नियम करणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. बाकीच्या पेशंटांना मोह नको, वॉर्डला शिस्त हवी, असं सगळेच मानत; मीही मानत होते. हेरॉइन घेणारा २३ वर्षांचा एक मुलगा ११ दिवसांपासून दाखल होता. पहिले पाच दिवस त्याने अंगदुखी, जुलाब, उलट्या आणि जागरण यांत काढले. मग हळूहळू खायला लागला, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पेपर वाचून दाखवायला लागला. अकराव्या दिवशी त्याच्या उशीखाली पुडी सापडली. तो म्हणाला, ‘मॅडम, घेतली नाही. नुसती जवळ ठेवली होती.’ लघवीची तपासणी करून खात्री करता आली असती. मी केली नाही. सुटीच्या कागदावर सही माझी आहे.

चौथ्या दिवशी त्याची आई आली, राहिलेला टॉवेल आणि चपला न्यायला. तिने सांगितलं, की तो घरी आला त्याच रात्री गेला. तिने आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, ‘त्याला बरं वाटायला लागलं होतं ना? मग असं कसं झालं?’

कसं झालं, ते तुला सांगते, कारण ते तुला कधीही विसरता येणार नाही इतकं पक्कं ठाऊक असायला हवं. ओपिऑइड गटातले, म्हणजे हेरॉइन-मॉर्फिनसारखे पदार्थ मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतात. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं आणि तोच डोस हळूहळू पुरेनासा होतो. घेणं थांबलं की हा सराव काही दिवसांत ओसरू लागतो, तलफ मात्र ओसरत नाही. त्या मुलाने आपला नेहमीचा डोस घेतला. अकरा दिवसांपूर्वी ज्या डोसने त्याला फक्त शांत वाटलं असतं, त्यानेच त्याचा श्वास थांबवला. बरं वाटायला लागणं हाच त्याचा धोका होता, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. सांगण्याचं काम माझं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, २००७ साली, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुरुंगातून सुटलेल्या ३० हजारांहून जास्त माणसांचं पुढे काय झालं, हे त्यात पाहिलं होतं. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. तो आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीत बराच वेळ बसून राहिले. मी एका मुलाच्या बाबतीत जे पाहिलं होतं, ते एका भिंतीआडून बाहेर पडणाऱ्या हजारो माणसांच्या बाबतीत घडत होतं. वॉर्डातून सुटी, तुरुंगातून सुटका, ‘पूर्ण बंद’ करणाऱ्या केंद्रातून घरी जाणं, या सगळ्या दारांवर तोच धोका उभा असतो. वॉर्डात मला एक मृत्यू दिसला. आकडेवारीने दार दाखवलं.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: निवडू नकोस. शाळेतला अपूर्णांक आठव. वर अंश, खाली छेद. ओपीडीत आपण आयुष्यभर अंश मोजतो: किती आले, किती सुधारले. सार्वजनिक आरोग्य तुला छेदाकडे बघायला लावतं: यायला हवे होते ते किती, आणि न आलेले कुठे आहेत? व्यसनाच्या क्षेत्रात हा छेद भयानक मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात अमली पदार्थांच्या वापराचा विकार असलेल्या दर ११ माणसांत एकालाच उपचार मिळत होते. राहिलेल्या दहांचा केसपेपर कुठेच नसतो. ते आपल्या यशाच्या टक्केवारीत येत नाहीत आणि अपयशातही येत नाहीत. आपण नियम कडक केले, तर कागदावर आपलं केंद्र आणखी यशस्वी दिसतं, कारण ज्यांचं बिनसणार होतं ते आधीच बाहेर गेलेले असतात. आमचा वॉर्ड त्या वर्षी कागदावर चांगलाच दिसत होता.

आता वरिष्ठांच्या त्या वाक्याकडे येते: पुन्हा पुन्हा तिथेच येऊन पडतात. २००० साली अमेरिकेत झालेल्या एका तुलनेत उपचारानंतर वर्षभरात पुन्हा नशेकडे वळणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के धरलं होतं. उच्च रक्तदाब आणि दम्याचे पेशंट औषधपाण्यात ढिले पडून पुन्हा आजारी होतात, ते प्रमाण त्याहून कमी नव्हतं. मधुमेहाच्या पेशंटची साखर वाढली तर आपण त्याला वॉर्डातून हाकलत नाही. औषध बदलतो, डोस वाढवतो, घरी काय चाललंय ते विचारतो. आणि तो पुन्हा आला, याचा अर्थ तो जिवंत आहे, त्याला तुझ्याकडे यावंसं वाटलं आणि दार उघडं होतं. या तिन्हींतलं एकही गृहीत धरू नकोस.

औषधं नीट शिक. या क्षेत्रात येणारे बरेच तरुण डॉक्टर बोलण्यावर भर देतात आणि औषधं वरवर शिकतात. ते पेशंटच्या जिवावर बेततं.

हेरॉइनच्या जागी उपचार म्हणून देतात त्या मेथाडोनची गोष्ट तुला ठाऊक असेल, पण पूर्ण ठाऊक असू दे. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वँडर या दोघांनी २२ पेशंटांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. डोल चयापचयाचे संशोधक, निस्वँडर मानसोपचारतज्ज्ञ. मॉर्फिन देऊन पाहिलं, तेव्हा पेशंट पुढच्या इंजेक्शनची वाट बघत बसून असायचे. मेथाडोन शरीरात दिवसभर टिकतं, त्यामुळे चढणं-उतरणं थांबलं आणि तीच माणसं दुसऱ्याच गोष्टी मागू लागली. एकाला चित्रं काढायची होती, दुसऱ्याला अर्धवट सोडलेलं शिक्षण पुरं करायचं होतं. मला या हकिकतीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. औषधाचा परिणाम त्यांनी फक्त लघवीत शोधला नाही. माणूस आता काय मागतो, तेही पाहिलं.

‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हे वाक्य तुला सहकाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून, कदाचित पेशंटकडूनही ऐकावं लागेल. चिडू नकोस, समजावून सांग. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा मेथाडोन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होते. उपचाराबाहेर पडल्यावर सुमारे ३६. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायची राहून जाते. मेथाडोन सुरू केल्यावरचे पहिले चार आठवडे आणि बंद केल्यावरचे चार आठवडे जास्त धोक्याचे असतात. म्हणून सुरुवातीचा डोस धीराने वाढव, आणि बंद करण्याची घाई पेशंटच्या घरच्यांना असो की व्यवस्थापनाला, तुला नसू दे. याच उपचारातलं दुसरं औषध ब्युप्रेनॉर्फिन, त्याचं वेगळं आहे. ओपिऑइड मेंदूत जिथे चिकटतात त्या रिसेप्टरला ते घट्ट धरतं पण अर्धवटच चालू करतं, त्यामुळे श्वास मंदावण्यालाही एका टप्प्यानंतर मर्यादा पडते. मात्र अंगात हेरॉइन भरपूर असताना दिलंस, तर तेच औषध पेशंटला ताबडतोब विड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, ढकलतं. त्रास सुरू होईपर्यंत थांबायचं, हे सांगताना त्याच्या शेजारी बसून सांग. ज्याला आजवर प्रत्येकाने ‘थांब’ म्हटलंय, त्याला तुझं ‘थोडं थांब’ही नकारच वाटतो. ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. कुणी त्यांना बाजूचं, वैकल्पिक म्हणालं, तर ही यादी पुढे कर.

आणि इथेच पुन्हा छेद येतो. फ्रान्सने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली. वेगळं प्रशिक्षण नाही, वेगळा परवाना नाही. १९९५ ते १९९९ या काळात तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय एकट्या गोळीला देता येणार नाही. स्वच्छ सुया मिळण्याची सोयही त्याच काळात वाढत होती. तरीही अमेरिकेत हेच औषध व्यसनासाठी लिहायला डॉक्टरला २०२२ च्या अखेरपर्यंत खास परवानगी लागत होती, तर वेदनेसाठी त्याहून तीव्र ओपिऑइड लिहायला नेहमीची नोंदणी पुरत होती. औषध तेच, विज्ञान तेच. फरक होता तो दाराच्या रुंदीत. ते दार रुंद करणं हेही डॉक्टरचंच काम आहे, आणि ते स्टेथोस्कोपने होत नाही.

दारूबद्दल थोडक्यात, पण काळजीने वाच. हेरॉइन सोडतानाचा त्रास असह्य असतो, तरी सहसा त्याने जीव जात नाही. जीव नंतर जातो. दारूचं उलट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली, तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, घाम, वाढलेली नाडी असं गंभीर चित्र दिसू शकतं. सर्जरीच्या वॉर्डात ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री एखादा पेशंट सलाइन उपसून पळायला बघतो आणि सगळे म्हणतात ‘वेड लागलंय’, तेव्हा ज्या डॉक्टरला बोलावलं जातं ती तू हो. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने दे, ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा सोबत, आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला होणाऱ्या इजेची सगळी लक्षणं एकत्र दिसण्याची वाट बघू नकोस. ती फार थोड्यांत एकत्र दिसतात. पुढे पिणं आटोक्यात ठेवायला नाल्ट्रेक्सोन आणि अकँप्रोसेट आहेत. उपयोगाच्या मानाने ती फार कमी लिहिली जातात.

याच कारणासाठी पहिली काही वर्षं साधं मेडिसीन कसून कर. यकृत, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, गळवं, क्षय, एचआयव्ही. हेपटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त पेशंटांत बरा होतो, पण ‘आधी नशा सोडा, मग बघू’ म्हणत किती जणांना परत पाठवलं गेलं आहे! ज्याला सगळीकडून परत पाठवलं जातं, त्याच्यासाठी तू एकाच खोलीत जितकं करू शकशील तितकं कर. गळू फोडून दे. पायाची जखम धुऊन दे. पुष्कळांशी माझा विश्वास पायाच्या जखमेपासून जुळला आहे. व्यसनाचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला, आणि तोही त्यांनीच काढला.

बोलण्याबद्दल आता. आपली भाषा एक गोष्ट आपल्याआधी जाणून आहे. मराठीत व्यसन ‘करत’ नाहीत. ते ‘जडतं’, ‘लागतं’. दारू ‘सुटते’. कर्ता पेशंट नाही. ‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थच संकट, आपत्ती असा आहे. इतकं शहाणपण भाषेत असूनही आपण राउंडवर म्हणतो, ‘मनावर घेतलं तर सुटेल.’ आणि दारुडा, गर्दुल्ला हे शब्द केसपेपरवर नसले तरी परिचारिकांच्या टेबलाशी असतातच. हे केवळ सभ्यतेचं प्रकरण आहे असं समजू नकोस. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५०० हून जास्त मानसिक आरोग्य तज्ज्ञांना एकाच माणसाची हकिकत वाचायला दिली. अर्ध्यांच्या कागदावर त्याला नशेचा दुरुपयोग करणारा म्हटलं होतं, अर्ध्यांच्या कागदावर नशेचा विकार असलेला माणूस. बाकी सगळं सारखं. पहिला शब्द वाचणाऱ्यांना दोष त्याचाच आहे आणि त्याला शिक्षेसारखं काही व्हायला हवं, असं जास्त वाटलं. शिकलेले, या कामात मुरलेले लोक होते ते. तपासणीचा निकालही ‘लघवी खराब आली’ असा सांगू नकोस. अंश सापडला, नाही सापडला, एवढंच सांग.

पेशंटशी बोलताना आपल्याला चूक दुरुस्त करायची घाई होते. ती घाई आवर. विल्यम मिलर यांनी १९८३ साली प्रेरणा जागवणाऱ्या संवादाची जी पद्धत मांडली, तिचं मर्म मला असं उमगलं: माणसाच्या मनात सोडावंसं वाटणं आणि नकोसं वाटणं एकाच वेळी असतं. तू ‘सोड’ची बाजू घेतलीस, की त्याला उरलेली बाजू लढवावी लागते. त्यापेक्षा विचार, ‘घेतल्यावर काय बरं वाटतं?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलास, तर दुसरी बाजू तो स्वतःच सांगायला लागतो. मला हे शिकायला सहा-सात वर्षं लागली. तोवर मी चांगलं भाषण देत असे.

सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेताना आकडेशास्त्र कंटाळून पास होऊ नकोस. त्यात मन घाल. का, ते एका उदाहरणाने सांगते. १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ पेशंटांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, असं त्यात होतं. दाखल पेशंट, देखरेखीखाली दिलेलं औषध, घरी गेल्यावर काय झालं ते पाहिलेलंच नाही. पुढच्या काही दशकांत त्या पत्राचा ६०० हून जास्त वेळा हवाला दिला गेला, बहुतेकांनी तो ‘ओपिऑइडचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून दिला, आणि दर पाचांतल्या चौघांनी ते पेशंट दाखल होते हे लिहिलंच नाही. छेद कुठला, हे न विचारता अंश पुढे पाठवला गेला. त्या समजुतीवर लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी किती घरं उद्ध्वस्त झाली, हे तुला माहीत आहे. मूळ लेख वाचल्याशिवाय आकडा वापरायचा नाही, ही सवय आत्ताच लाव. आणि लोलक दुसऱ्या टोकाला गेला, तेव्हाही डोळे उघडे ठेव. घाबरलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं ओपिऑइड घेणाऱ्या पेशंटांचं औषध झटक्यात तोडलं, त्यानेही माणसं रस्त्यावरच्या पुडीकडे गेली.

आणखी एक अभ्यास, जो मला वारंवार आठवतो. १९७१ साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तिथे असताना पाचांतला एक जण हेरॉइन किंवा अफूच्या आहारी गेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या सुमारे ५ टक्क्यांचंच व्यसन पुन्हा जडलं. काही जण यावरून म्हणतात, की मग आजार वगैरे काही नसतोच. मला त्यातून वेगळं दिसतं. भीती, कंटाळा, हाताशी असलेला माल आणि सोबत घेणारे दोस्त हे सगळं एकदम बदललं, तर बऱ्याच जणांचं सुटतं. आपल्या पेशंटला सुटी देऊन आपण पुन्हा त्याच खोलीत पाठवतो, जिथे यांतलं काहीच बदललेलं नसतं. म्हणून घर, काम, कर्ज, एकटेपण हे प्रश्न विचार, आणि उत्तर मिळाल्यावर काहीतरी करता येईल अशी माणसं ओळखीची ठेव. चांगली समाजसेविका तुझ्या टीममध्ये असेल, तर तिचा शब्द आपल्या शब्दाइतका मान.

तंबाखूला विसरू नकोस. व्यसनोपचार करणारे पुष्कळ जण तिच्याकडे ‘एवढं तरी राहू दे’ म्हणून बघतात. दारूने २०१९ साली जगात २६ लाख मृत्यू झाले, अमली पदार्थांनी ६ लाख. तंबाखू वर्षाला ७० लाखांहून जास्त माणसं मारते. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा जो पाठपुरावा रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये सुरू केला, तो ५० वर्षं चालला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं लवकर गेले. साठीला सोडणाऱ्यांना ३ वर्षं परत मिळाली, पन्नाशीला ६, चाळिशीला ९, आणि तिशीला सोडणाऱ्यांना जवळपास सगळी. हे आकडे मी पेशंटला त्याच्या वयावर बोट ठेवून सांगते. आणि तरीही हे मान्य कर, की माझ्या आयुष्यभराच्या समुपदेशनाने जितक्यांची सुटली असेल, त्याहून जास्त जणांची कर वाढवण्याच्या एका निर्णयाने सुटते. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्के वाढली, की खप साधारण ५ टक्के उतरतो. त्या निर्णयाच्या बैठकीत कुणी डॉक्टर हवी. तिथे बोलायला तीन मिनिटं मिळतात. एका पानात लिहायला आणि तीन मिनिटांत थांबायला शिक.

नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध, नेहमी जवळ ठेव, आणि ते पेशंटच्या मित्राला, बहिणीला, आईला द्यायला लाज वाटू देऊ नकोस. ओव्हरडोस होतो तेव्हा डॉक्टर तिथे नसतो. तीच माणसं असतात. २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. देताना दोन गोष्टी पक्क्या करून घे. औषध दोन-तीन मिनिटांत श्वास परत आणतं, पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासापुरताच असतो. आत असलेला पदार्थ त्याहून जास्त टिकला, तर माणूस पुन्हा बुडू शकतो. म्हणून जागा झाला तरी एकटं सोडायचं नाही, मदत बोलवायचीच. त्या आईच्या हातात तेव्हा हे असतं, तर, हा विचार मी अजून करते.

शेवटी तुझ्याबद्दल. आपल्या धंद्यातल्या माणसांनाही हा आजार होतो. औषधं हाताशी असतात, रात्री मोठ्या असतात आणि मदत मागायची लाज असते. तुझ्या बाबतीत तसं झालं, तर लगेच सांग. मला सांग, दुसऱ्या कुणाला सांग, पण सांग. आणि हे लक्षात ठेव: अमेरिकेतल्या १६ राज्यांतले व्यसनावर उपचार घेणारे ९०४ डॉक्टर ५ वर्षं पाहिले, तेव्हा दहांतल्या जवळपास आठांची त्या काळातली एकही तपासणी पॉझिटिव्ह आली नाही. त्यांना उत्तम उपचार मिळाले, वर्षानुवर्षं देखरेख मिळाली, परत जायला काम होतं आणि त्यांनी बरं व्हावं असं वाटणारे लोक होते. डॉक्टरांचा स्वभाव इतरांपेक्षा पोलादी असतो, असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना पाच वर्षं मिळाली. माझ्या त्या मुलाला अकरा दिवस मिळाले, आणि वर एक सुटीचा कागद.

पेशंट गेला, की घरच्यांना फोन कर. काय बोलायचं ते आधी ठरवू नकोस. मी त्या आईला त्या दिवशी काही सांगू शकले नाही. दीड वर्षाने तिच्या घरी गेले, आणि शरीराचा सराव कसा ओसरतो, डोस कसा घात करतो, हे सगळं तिला सांगितलं. माझी सहीसुद्धा सांगितली. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे त्याला मरायचं नव्हतं.’ ती दीड वर्षं हा प्रश्न घेऊन जगत होती.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. ज्यांची तारीख होती आणि जे आले नाहीत, त्यांची नावं तिच्यात असतात. शुक्रवारी ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी आणि आमची समाजसेविका फोन करत बसतो. ‘का आला नाहीत’ असं विचारत नाही. ‘आठवण आली, कसे आहात’ एवढंच. काही फोन बंद असतात, काही जण आवाज ओळखून ठेवून देतात. मागच्या महिन्यात एकाने सात महिन्यांनी उचलला आणि म्हणाला, ‘मला वाटलं, माझं नाव काढून टाकलं असेल.’ पुढच्या आठवड्यात तो आला.

तू भेटायला येणार आहेस ना, तर शुक्रवारी ये, साडेआठला. वही टेबलावर असेल. पहिला फोन तू कर, मी शेजारी बसते.

सप्रेम,
तुझी मॅडम